रशियन प्राणिशास्त्रज्ञ कोवालेव्हस्कीने नेमकं काय शोधलं? हर्डमानियासारखा, समुद्रात खडकाला चिकटून राहणारा, बिनकामाचा प्राणी बीएस्सीला अजून का शिकवतात?

'बिनकामाचा' हा शब्द आमच्या काकांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. घरात कलाभवनातून बाहेर पडलेले इंजिनिअर. मी झूलॉजी घेतली तेव्हा काका म्हणाले, "मेडिकल हुकलं की लोक हे घेतात." माझं हुकलं नव्हतं, मी फॉर्मच भरला नव्हता. पुढे कॉलेजच्या प्रदर्शनात मी त्यांना मुद्दाम मायक्रोस्कोपपाशी नेलं. स्लाइडवर हर्डमानियाचा लार्व्हा, म्हणजे पिल्लू: फुगीर डोकं, लांब शेपूट, शेपटीतून गेलेला फिकट दांडा. काका म्हणाले, "बेडकाचं पिल्लू." मग फॉर्मलिनची बरणी पुढे केली. आत दोन तोंडांची चामड्यासारखी पिशवी. म्हटलं, तेच पिल्लू मोठं झाल्यावर असं होतं. काकांनी परत डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

अलेक्झांडर कोवालेव्हस्कीने 1866 मध्ये हेच छापलं. तोवर या पिशव्यांना शिंपल्या-गोगलगायींच्या गटात टाकत. त्याने अंड्यापासून एकेक अवस्था तपासली. पोहणाऱ्या लार्व्हात नोटोकॉर्ड, म्हणजे शेपटीतला तो आधाराचा दांडा, त्याच्या वर पोकळ चेतारज्जू, आपल्या गर्भात असते तीच मांडणी. नंतर लार्व्हा डोक्याकडून खडकाला चिकटतो, शेपूट शोषली जाते, सगळा पुरावा गडप. ॲम्फिऑक्सस या माशासारख्या, पण कणा नसलेल्या छोट्या समुद्री प्राण्याची वाढही त्यानेच उलगडली. डार्विनने 1871 च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये पाठीचा कणा असलेल्यांचं मूळ शोधताना याच कामाचा आधार घेतला. 2006 मध्ये जनुकं ताडून पाहिली, तर ॲम्फिऑक्ससपेक्षा ही पिशवीवाली मंडळीच आपल्याला जवळची निघाली. आता सांगा, बिनकामाचा कसा?

आणि हा माणूस आधी सेंट पीटर्सबर्गला इंजिनिअरिंगच शिकत होता. वडिलांच्या मनाविरुद्ध सोडलं. हे ऐकून काका म्हणाले, "जमीनदाराच्या मुलाला परवडतं." अहो, जमीनदारांची मुलं ढिगाने होती, त्या दांड्याचा अर्थ यालाच लागला!

तेव्हा अभ्यासक्रमातून हर्डमानिया काढा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पिपेट सफाईने धरणारी, पण समोरचा लार्व्हा कोणाचा हे न ओळखणारी मुलं मी पाहिली आहेत. तुमच्या घरी कोणी झूलॉजी घेत असेल तर घेऊ द्या.

हां, नोकरीचं म्हणाल तर नुसत्या बीएस्सीवर भागत नाही. एमएस्सी आणि नेट, नाहीतर बीएड धरूनच चाला. आणि प्रॅक्टिकलला आकृती उतरवून मोकळं होऊ नका, ती स्लाइड मागून घ्या.