गोष्ट सांगतंय कोण?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदन, भाषाशैली हे सगळं पाठ आहे, पण कादंबरी समोर आली की काय लिहावं सुचत नाही, असं तू लिहिलंस. सुचणार कसं? गाइडात हे घटक डब्यांसारखे ओळीने मांडलेले असतात. कादंबरीत ते असे सुटे सापडत नाहीत.

तेव्हा सुरुवात एकाच प्रश्नाने कर. गोष्ट सांगतंय कोण?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घे. सांगणारा आहे औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत नेमणूक झालेला तरुण मास्तर. तो बाहेरचा, म्हणून वाडीतलं सगळं त्याला नवं दिसतं, आणि त्याच्यामागून आपल्यालाही. हेच वाडीच्या म्होरक्याने, कारभाऱ्याने, सांगितलं असतं तर? मेंढरं, रान, माणसांच्या रीती यांवर त्याने अवाक्षर काढलं नसतं. रोजचंच ते, त्यात काय सांगायचं! उलट हा पोरसवदा मास्तर टिकेल का, यावर मात्र त्याने दोन पानं घातली असती.

आता दुष्काळाकडे ये. पाऊस नाही, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. हे वातावरण की कथानक? उत्तरपत्रिकेत बरेच जण हे वातावरणाखाली ढकलून, माणदेशाचं चार ओळी वर्णन करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. या कादंबरीत कुणी खलनायक नाही. शेवटाकडे गोष्ट पुढे रेटतो तो न पडलेला पाऊस. संघर्षही तिथेच आहे. मास्तर गावाला एकत्र आणून तालीम उभी करतो, खुद्द राजेसाहेब तिथे येतात. (औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना सूर्यनमस्काराचं केवढं वेड! त्या मुलखात तालीमच उभी राहणार.) पण पावसापुढे त्याचं काय चालणार?

आणि ‘मी’ म्हणजे लेखक, असं धरून चालू नकोस. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. तिथे नायिका यमू स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकिगत सांगते. बाहेरच्या कुणी ती सांगितली असती, तर समाजसुधारणेवरचं व्याख्यान झालं असतं.

भाषाशैलीखाली ‘ओघवती, चित्रदर्शी’ कृपा करून लिहू नकोस. एक वाक्य उतरवून घे आणि ते त्याच माणसाच्या तोंडी का शोभतं, तेवढं लिही.

आता काम. तालमीचा प्रसंग कारभाऱ्याच्या तोंडून वीसेक ओळींत लिहून पाठव. बोली जमली नाही तरी चालेल. मास्तरालाच ठाऊक असलेलं काही त्यात घुसलं, तर मात्र लाल शाईची खूण होईल.

तुझे,
सर