न्यूटनचे फोटो: कला की चावटपणा?

प्रश्न: फॅशन छायाचित्रकार हेल्मुट न्यूटनचे फोटो मुलीने दाखवले. नजर हटत नव्हती आणि लाजही वाटत होती. याला कला म्हणायचं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, ती लाज झटकून टाकू नका, फोटो तिथेच काम करतो. मी गेली तीस वर्षं साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढतोय. बाईने कसं उभं राहायचं हे आम्ही ठरवतो, गोड हसायचं हेही आम्हीच सांगतो.

आता न्यूटनचा १९७५ चा फोटो बघा. पॅरिसमधली अरुंद गल्ली, रात्र, रस्त्यावरचे दिवे. फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँचा पुरुषी सूट घातलेली बाई, केस चापून मागे बसवलेले, एक हात खिशात, दुसऱ्यात सिगारेट. हसू नाही. अंग पूर्ण झाकलेलं, तरी पाहणाराच अवघडतो, कारण ती कोणासाठी उभीच नाही! त्याच गल्लीत त्याने आणखी एक फोटो काढला, त्यात तिच्या शेजारी विवस्त्र बाई आहे. मला पहिलाच जास्त धीट वाटतो.

न्यूटन बर्लिनचा ज्यू. इव्हा नावाच्या छायाचित्रकार बाईंच्या हाताखाली शिकला. नाझींच्या छळामुळे १९३८ मध्ये त्याने देश सोडला. इव्हांना मात्र नाझींनी ठार मारलं. त्याच्या फोटोंतला थंडपणा बघताना मला हे आठवतंच.

सगळंच पटतं असं नाही. त्याच्या एका फोटोतली, पलंगावर ओणवी झालेली, पाठीवर घोड्याचं खोगीर घातलेली बाई मला आजही खटकते, आणि मुलीशी बोलताना मी तेही स्पष्ट सांगेन. तिला विचारा, तिला कुठला फोटो खटकला?