'ऑक्टॅगॉन' येतं, 'पाणी' येत नाही

*अक्का, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत बेळगावच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. मोबाईलवरच्या गेममधून इंग्रजी रंग, शंभरपर्यंत आकडे, सगळे आकार शिकलाय. 'ऑक्टॅगॉन' स्वच्छ म्हणतो, पण तहान लागली की माझा हात धरून माठापाशी नेतो, 'पाणी' म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, "मोबाईल बघून बघूनच पोर मुकं झालंय, फोडून टाक जा तो." मालक गोव्यात कामाला असतात. त्यांनी एका 'एआय थेरपी' ॲपची लिंक पाठवलीय. वर्षाचे पैसे एकदम भरायचे, रोज अर्धा तास गेम खेळला की स्पीच थेरपीची गरज नाही म्हणे. थेरपिस्ट म्हणतात, घरात एकच भाषा बोला. अंगणवाडीत कन्नड, घरात मराठी, फोनवर इंग्रजी. रात्री मी एआयला विचारत बसते आणि आणखी घाबरते. ॲप घेऊ, की फोन फोडू?*

बाई गं, दोन्ही नको.

आधी सासूबाईंचं उरकते. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, मोबाईलनं होत नाही. ती मेंदूच्या घडणीतच असते, जन्माच्या आधीपासून, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम पहिल्यांदा नीट मांडला तो १९४३ साली. तेव्हा मोबाईल कुठला, टीव्हीसुद्धा घरोघरी नव्हता. हे त्यांना सांग, पण भांडणात नको, भाकरी थापताना सांग. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. तासन्‌तास एकटा फोन घेऊन बसलेल्या पोराला बोलायला समोर माणूसच उरत नाही.

आता तो 'ऑक्टॅगॉन'. त्याला गेम का आवडतो, ते बघ. निळ्या चौकोनावर बोट ठेवलं की दर वेळी तोच आवाज, तोच तारा. माणसं अशी वागत नाहीत. तू सकाळी 'चल' म्हणतेस ते वेगळ्या सुरात, संध्याकाळी वेगळ्या. तुझ्या मुलाला सगळं जसंच्या तसं लागतं आणि ते त्याला फोनमध्ये मिळतं. म्हणून तो तिथं शिकला. पण शिकलेलं सगळं काचेच्या आतच राहिलं. अशा मुलांचं खरं अवघड काम हेच, एका जागी आलेली गोष्ट दुसऱ्या जागी नेणं. त्यामुळं कुठल्याही गेमला माझी कसोटी एकच. आत शिकलेलं पंधरा दिवसांत ओसरीवर दिसतं का? हिरवा म्हणणारा पोरगा परसातल्या हिरव्या मिरचीकडं बोट करतो का? नसेल, तर तो गेम विरंगुळा म्हणून असू दे, त्याला थेरपी म्हणू नको.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी एक मोबाईल गेम केलाय, 'गेस व्हॉट'. आईनं फोन कपाळाला लावायचा, पडदा मुलाकडं. पडद्यावर माकड आलं की मुलानं माकडासारखं करून दाखवायचं, आईनं ओळखायचं. फोनचा कॅमेरा ते टिपतो आणि त्या चित्रणावरून चेहऱ्यावरचे भाव ओळखायला एआयला शिकवतात. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट एआयची नाहीच. चित्र आईच्या कपाळावर आहे! पोराला बघायचंय चित्र, आणि बघता बघता नजर आईच्या तोंडावरून जाते. कोणी 'माझ्याकडं बघ' म्हणून हनुवटी धरत नाही.

हे तुझ्या घरात फुकट होतं. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर म्हैस काढ, तुझ्याच मोठ्या टिकलीनं कपाळावर चिकटव. पहिले चार दिवस तो फक्त टिकली ओढेल. ओढू दे. पाचव्या दिवशी तूच हंबरून दाखव आणि थांब. मनात दहा आकडे मोज. आपण आया इथंच चुकतो, दोन आकड्यांत उत्तर सांगून टाकतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझंही तेच व्हायचं, आणि वर पोराला 'लक्ष नाही' असा शेराही द्यायची.

पाण्याचं बघू. त्याला मागायचं कळतं, शब्द तेवढा निघत नाही. तोवर चित्र बोलू दे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप आहे, मराठीतही चालतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. यानं पोरगं बोलायचं आळसेल ही भीती सोड. आजवरच्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतंच. फक्त परीक्षा घेऊ नको, 'दाखव बघू पाणी कुठाय' असली. तूच पाणी पिताना चित्रावर बोट ठेव, मग पी. दिवसातून वीसदा. आणि त्यानं चुकून जरी बोट लावलं तरी पेला लगेच हातात. गेमचा फोन आणि बोलायचा फोन मात्र वेगळा ठेव. घरात जुना पडलेला असेल तर त्यावर एवढंच ॲप टाक, नाहीतर तो बोलणं सोडून गेमकडं पळेल.

आपला आवाज भरता येणारं ॲप मिळालं तर आणखी बरं. यंत्राचं 'मला पाणी हवे आहे' बातम्या दिल्यासारखं वाटतं. तुमच्या घरात 'पाणी पायजे' म्हणत असतील तर तेच भर, आणि सासूबाईंच्या आवाजात भर. बघ मग फोन फोडायला निघतात का!

एकच भाषा, हे मला पटत नाही. दोन भाषांत वाढल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आपल्या सीमाभागात तर बसची पाटी कन्नड, कंडक्टर कन्नड, आज्जी मराठी. मराठी काढून घेतलीस तर आज्जीशी बोलायचं कोणी? घरात मराठी, अंगणवाडीसाठी 'नीरु' (पाणी) नि 'ऊटा' (जेवण) अशी पाच-सात कन्नड चित्रं. इंग्रजी आकार तो सांभाळतोच आहे.

मालकांच्या ॲपचे पैसे भरू नका. 'थेरपीची गरज नाही' म्हणणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही, ॲपवर कसा ठेवू? आणि रात्री एआयला निदान विचारणं आजपासून बंद. अमेरिकेत २०२१ साली ऑटिझमच्या निदानाला मदत करणाऱ्या 'कॅनव्हास डीएक्स' या एआय साधनाला सरकारी परवानगी मिळाली. ते १८ ते ७२ महिन्यांच्या मुलांसाठी, तेही डॉक्टरांच्या हाताखाली. चाचणीत दोन-तृतीयांशाहून जास्त मुलांबाबत त्यानं 'सांगता येत नाही' असंच उत्तर दिलं. खास त्याच कामासाठी बनवलेलं यंत्र इतकं जपून बोलतं, आणि तुझा फोन मध्यरात्री बेधडक सांगतो.

तरी एआय टाकाऊ नाही. त्याला पोराशेजारी बसवू नको, तुझ्या हाताखाली ठेव. समजा मंगळवारी थेरपीला बेळगावला जायचंय. बायकांना फुकट बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेनं तुझं तिकीट वाचतं, अर्धा दिवस वाचत नाही, आणि स्टँडवर तो थयथयाट करतो. एआयला सांग, पाच वर्षांच्या मुलासाठी बसप्रवासाची आठ छोटी वाक्यं लिही. ते लिहील, 'बस दहा वाजता येईल.' हे वाक्य तू खोडायचंस. तुझ्या मुलासाठी ते वचन आहे, दहा वाजून पाच मिनिटांनी आकाश कोसळेल. लिही, 'बस कधी लवकर येते, कधी उशिरा. उशीर झाला तर आपण बिस्कीट खातो.' सोबत तुमच्याच स्टँडचे, लाल बसचे, थेरपीच्या दाराचे फोटो लाव. मुलाचं नाव, चेहरा, रिपोर्ट मात्र एआयला देऊ नको.

कागदांचं राहिलं. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढ. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतची आहे, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. बोलण्याच्या तपासणीसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था मोठी आहे. एकदा जाऊन या. पण जवळची थेरपी सोडू नका.

मालकांना पैशांऐवजी दुसरं काम दे. रविवारी व्हिडिओ कॉलवर कपाळाला कावळ्याचं चित्र चिकटवून बसायला सांग. पोरानं 'काव' केलं नाही तरी कॉल लगेच कट करायचा नाही, म्हणावं. दहा आकडे त्यांनीही मोजायचे.

— तुझी अक्का