मॅनेजमेंटची सीट घेऊ नका, आधी दाखले काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भावाला सीईटीला ९१ पर्सेंटाइल, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग पाहिजे, मामेबहिणीला बोर्डात ८८ टक्के अन तिला बीएस्सी फिजिक्स करायचंय, तुमच्याकडे तीन एकर कोरडवाहू, मामा गवंडीकाम करतात, दोन्ही घरं ओपन कॅटेगरीतली. अन परवा एका कॉलेजचा माणूस घरी येऊन सांगून गेला की मॅनेजमेंट कोट्यातून सीट आत्ताच बुक करा, पन्नास हजार भरा, स्कॉलरशिप आम्ही नंतर बसवून देतो. बाकीचं सावकाश वाचा पण एवढं आत्ताच ऐका, ते पन्नास हजार भरू नका.

कारण सांगतो. आपल्याकडच्या मोठ्या फी सवलती आहेत ना, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (लोक अजून ईबीसीच म्हणतात), टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफ असलेल्या जागा), ह्या सगळ्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांना, बांधलेल्या आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ईबीसी गेली. डीम्ड युनिव्हर्सिटीत गेलात तरी गेली. मग तुमचं उत्पन्न चाळीस हजार असो की चार लाख, फॉर्मच पुढे सरकत नाही. म्हणजे स्कॉलरशिप मिळणार की नाही हे ॲडमिशन झाल्यावर नाही, ॲडमिशन कुठल्या दारातून घेतली तिथेच ठरतं, अन हे आपल्या गावाकडं कुणी वेळेवर सांगत नाही. दरवर्षी जुलैत मी पोरांचे फॉर्म भरायला बसतो, त्यात दोन-तीन घरं तरी अशी भेटतात की सीट घेऊन मोकळी झालेली असतात अन मग विचारतात आता काय करता येईल, तेव्हा खरंच फार वाईट वाटतं कारण तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता भावाचं. कॅपचा फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएसला हो म्हणायचं, उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे अन महाराष्ट्राचा डोमिसाइल, तुम्ही दोन्हीत बसता. ह्यात मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, म्हणजे साठच्या ब्रँचला तीन. ट्यूशन फी चारही वर्षं पूर्ण माफ. तीनच जागा म्हटल्यावर कटऑफ चढाच असतो, बऱ्याचदा ओपनपेक्षाही वर, त्यामुळे नामांकित कॉलेजचं कॉम्प्युटर ९१ ला टीएफडब्ल्यूएसमध्ये धरून चालू नका. पण ऑप्शन फॉर्ममध्ये टाकायला काही जात नाही. प्रत्येक कॉलेज-ब्रँचचा टी ने संपणारा चॉइस कोड वेगळा असतो, तो आधी टाकायचा अन त्याच्याच खाली तीच ब्रँच साध्या कोडची. पोरं उलटं करतात, साधा कोड वर टाकतात, तो लागला की खालच्या टीएफडब्ल्यूएसपर्यंत गाडी जातच नाही. अन ही सीट घेतल्यावर पुढे ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, एवढा विचार करूनच कोड टाका.

टीएफडब्ल्यूएस नाही लागलं तर ईबीसी. मुलांना ट्यूशन फी अन परीक्षा फीचा निम्मा भाग सरकार भरतं, उत्पन्न मर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोनच लेकरांना. मुलींसाठी २०२४-२५ पासून हेच शंभर टक्के झालंय, व्यावसायिक कोर्सला कॅपमधून आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल ओपन घरं), एसईबीसी (मराठा आरक्षण) अन ओबीसी मुलींना. फक्त एक लक्षात घ्या, सवलत ट्यूशन फीवर असते, डेव्हलपमेंट फी अन बाकीचं कॉलेज वेगळं घेतं. समजा एकूण फी १ लाख १० हजार, त्यात ट्यूशन ९६ हजार अन बाकी १४ हजार, तर भावाला ४८ अधिक १४ असे ६२ हजार भरायचे आहेत, ५५ नाही. प्रत्येक विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं अन त्यांच्या साइटवर असते, कॉलेजचा माणूस तोंडी सांगेल त्या आकड्यावर हिशोब करू नका. आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची फी मुळातच कमी, तिथली मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल मिळत असेल तर तुमच्या जागी मी तरी ती खाजगी कॉम्प्युटरच्या वर टाकेन. हे माझं मत, भावाला विचारून ठरवा.

फीपेक्षा खरा खड्डा पडतो तो राहण्या-जेवणात, हे मी भोगलंय म्हणून सांगतो. मी २०१८ ला ॲडमिशन घेतली, फी अर्धी झाली म्हणून घरी पेढे वाटले अन ऑक्टोबरात मेसचे पैसे नाहीत. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या अन नोंदणीकृत मजुराच्या लेकरांसाठी, मोठ्या शहरात रक्कम जास्त, बाकीकडं कमी. ईबीसीसोबत घेता येते, फॉर्म मात्र वेगळा भरायचा. तुमची तीन एकर म्हणजे अल्पभूधारक दाखला निघतोच, तहसीलमधून काढून ठेवा. पुण्याला जाणार असेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहासाठीही अर्ज करा, १९५५ पासून गावाकडच्या गरजू पोरांसाठी काम करतात, तिथं राहून शिकलेली पोरं मी जवळून बघितलीयत. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कमवा व शिका योजना पण असते, तासावर पैसे मिळतात, थोडेच असतात पण महिन्याचा वरखर्च निघतो. मी लायब्ररीत दीड वर्ष केलंय, अभ्यासाला काही अडलं नाही.

मामेबहिणीचं गणित वेगळं आहे अन इथं लोक चुकतात. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी मुळातच कमी, त्यामुळे फी माफीत हातात फारसं काही येत नाही. तिच्यासाठी हातात पैसे देणारी योजना शोधायची. सगळ्यात आधी इन्स्पायर ही केंद्राची विज्ञान स्कॉलरशिप, बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असेल अन मूलभूत विज्ञान घेत असेल तर वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात अन २० हजार उन्हाळी प्रोजेक्टचे. ह्याला उत्पन्नाची अट नाही, अन इंजिनिअरिंगला हे मिळत नाही. बोर्डाच्या एक टक्क्याच्या कटऑफशी तिचे मार्क ताडून बघा, पोर्टल उघडलं की लगेच अर्ज टाका.

ते नाही जमलं तर मामांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का विचारा. जिवंत नोंदणी असेल, म्हणजे दरवर्षी नूतनीकरण केलेली, तर पहिल्या दोन अपत्यांना पदवीसाठी वर्षाला २० हजार अन इंजिनिअरिंगला ६० हजार मिळतात. नोंदणी नसेल तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन करून टाका. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले यांच्या घरात शिकणारी लेकरं आहेत अन कार्डच काढलेलं नाही अशी कितीतरी घरं आहेत, तुमच्या गल्लीत कुणी असेल तर त्यांनाही सांगा.

तिसरा पर्याय केंद्राची सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर (टक्के नाही, पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ऐंशी पोरांच्या पुढे) अन उत्पन्न साडेचार लाखाच्या आत, पदवीची तीन वर्षं १२ हजार, एमएस्सीला २० हजार, निम्म्या जागा मुलींसाठी राखीव. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण ही घेणाऱ्याला दुसरी कुठली स्कॉलरशिप किंवा फी सवलत घेता येत नाही, म्हणून भावाने हिच्या नादी लागू नये, बहिणीला मात्र फी माफीपेक्षा ही परवडते. दोन फॉर्म भरून बघू कुठला लागतो असं करू नका, दोन्ही अडकतात.

दोघांनीही रिलायन्स फाउंडेशनची पदवीची स्कॉलरशिप भरा, पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी असते, ऑनलाइन टेस्ट होते, पूर्ण कोर्सला मिळून दोन लाखापर्यंत, अडीच लाखाच्या आत उत्पन्न असेल तर प्राधान्य. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, एससी अन नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार. अन जेईईतून आयआयटीला लागलात तर फी बघून घाबरू नका, एससी, एसटी, दिव्यांगांना ट्यूशन फी पूर्ण माफ, बाकीच्यांना एक लाखाच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण अन एक ते पाच लाखाला दोन तृतीयांश माफ.

आता कागदं, ह्यातच निम्मी पोरं बाद होतात. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, डोमिसाइल, ईडब्ल्यूएस दाखला (ओपनमध्ये आहात तर काढाच, त्या दहा टक्के जागांत भावाचा नंबर लागू शकतो), अल्पभूधारक दाखला, रेशन कार्ड. सेतूत आजच अर्ज टाका, गर्दीच्या दिवसांत तीन-तीन आठवडे जातात.

बँकेचं नीट ऐका. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे तुम्ही फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं सीड केलंय (जोडलंय) तिथे जातात. अन फॉर्म कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर अन पासवर्ड स्वतःचाच ठेवा. पहिल्या वर्षी माझा फॉर्म भरणाऱ्याने घाईत स्वतःचा नंबर टाकला होता, कॉलेजने फॉर्म सेंड बॅक केला त्याचा मेसेज त्याला गेला, तो विसरला, अन मला कळलं तेव्हा शेवटच्या तारखेला दोन दिवस राहिले होते. वडील रात्रीच्या एसटीने दाखला घेऊन आले अन सकाळी माझ्या हातात देऊन तसेच परत गेले कारण सोयाबीन काढणीला आलं होतं. म्हणून सांगतो, महाडीबीटी ह्या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघायचं, फॉर्म कॉलेजच्या तपासणीत अडकला असेल तर स्कॉलरशिप सेक्शनला जाऊन उभं राहायचं, अन दुसऱ्या वर्षी रिन्यूअल विसरायचं नाही.

पैसे उशिरा येतात, कधी कधी वर्ष संपल्यावर. पहिल्या वर्षाचे पैसे हाताशी ठेवूनच निघा, पाहुण्यांकडून घ्या किंवा बँकेकडून, कॉलेज केंद्राच्या यादीत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी ह्या शैक्षणिक कर्ज योजनेत जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, अन आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल अन दुसऱ्या कुठल्या सरकारी स्कॉलरशिपचा लाभ मिळत नसेल तर दहा लाखापर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. सावकाराकडं मात्र जाऊ नका.

त्या माणसाचा परत फोन आला तर सांगा आम्ही कॅपमधून येणार. सीट कॅपमधून लागल्यावर कुठलं कॉलेज ईबीसीच्या मुलाकडून पूर्ण ट्यूशन फी मागायला लागलं तर लेखी मागा म्हणावं. भावाची ऑप्शन लिस्ट तयार झाली की फायनल सबमिट करायच्या आधी इथेच टाका, टी चे कोड बरोबर लागलेत का मी रात्री बसून बघून देतो.