'अधःपतन' लिहिताना

बेळगावजवळच्या खानापूरहून पहिला लेख पाठवलास, फार आनंद झाला. आत्ता एकच शब्द नीट धर: अधःपतन. अधः म्हणजे खाली, पतन म्हणजे पडणं. माणसाची नीती घसरत जाते, ते अधःपतन. एखाद्या चुकीला तो शब्द लावू नकोस.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- 'अधपतन' लिहिणं. विसर्ग हवाच.
- लाचखोरीला अधःपतन म्हणणं. तिथं सरळ भ्रष्टाचार लिही. कन्नडातही तोच शब्द आहे, तुझ्या कानावरचाच.

'भ्रष्ट'चं मूळही घसरण्यातच आहे. मार्गभ्रष्ट, पदभ्रष्ट, अपभ्रंश, सगळे एकाच घरातले. 'नीतिभ्रष्ट' मात्र जपून वापर. घाईनं तो लिहून मी एका भल्या माणसाला दुखवलंय. संधीचे नियम पुढं बघू.