अग्रिप्पाचा ‘एल. एफ.’ आणि ‘तेर्तिउम’

प्रश्न असा आहे: रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावर दर्शनी बाजूला लॅटिनमध्ये ‘एम. अग्रिप्पा एल. एफ. कॉस. तेर्तिउम फेकित’ असं कोरलेलं आहे. यातलं ‘एल. एफ.’ म्हणजे काय? आणि ‘तेर्तिउम’मध्ये ‘यू’ऐवजी ‘व्ही’ का?

‘व्ही’चं उत्तर सोपं आहे. रोमन लिपीत ‘उ’ आणि ‘व’ या दोन्हींसाठी तेच एक अक्षर होतं, गोल बुडाचा ‘यू’ पुष्कळ नंतरचा.

‘एल. एफ.’ म्हणजे ‘लूकिई फीलिउस’, लूकिउसचा मुलगा. बापाचं नाव षष्ठीत, पुढे ‘एफ’. आपल्याकडे ‘चि.’, ‘सौ.’ कुणी फोडून सांगत नाही, तसंच रोमन वाचकाला हे सवयीचं होतं. मात्र हाच ‘एफ’ दुसरीकडे ‘फेकित’ (केलं, बांधलं) यासाठीही येतो, म्हणून आधी मागच्या शब्दाची विभक्ती बघावी. सुरुवातीचा ‘एम’ म्हणजे मार्कुस. ‘कॉस.’ म्हणजे कोन्सुल, राज्याचं सर्वोच्च वार्षिक पद. त्यात ‘एन’ नाही, कारण जुन्या उच्चारात ‘स’च्या आधीचा ‘न’ जवळजवळ गळायचा.

खरी गंमत ‘तेर्तिउम’ (तिसऱ्यांदा) मध्ये आहे. रोमन सेनानी पॉम्पी तिसऱ्यांदा कोन्सुल असताना त्याच्या देवळावरच्या लेखात ‘तेर्तिउम’ लिहायचं की ‘तेर्तिओ’, यावरून रोममधल्या जाणकारांत मतभेद झाले. निवाडा प्रसिद्ध वक्ता आणि लेखक सिसरोकडे गेला. कुणालाच दुखवायला नको म्हणून त्याने सुचवलं, ‘तेर्त’ एवढंच कोरा. रोमन लेखक औलुस गेल्लिउसने ही हकिकत नोंदवली आहे. रोमन विद्वान वार्रोच्या मते ‘-उम’ म्हणजे ‘कितव्यांदा’ आणि ‘-ओ’ म्हणजे ‘क्रमाने कितवा’. अग्रिप्पाचा लेख वार्रोच्या बाजूने पडतो: ‘तिसऱ्यांदा कोन्सुल असताना’, म्हणजे इ. स. पू. 27.

आता पूर्ण अर्थ: ‘लूकिउसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कोन्सुल असताना हे बांधलं.’ वाचन अचूक, पण त्यावरून इमारतीचा काळ ठरवायला जाल तर फसाल. अग्रिप्पाची मूळ वास्तू इ. स. 80 मध्ये जळाली आणि पुढे 110 च्या सुमारास पुन्हा आग लागली. आजचा घुमट सम्राट हाद्रिआनच्या काळात पुरा झाला. त्याने जुन्या वास्तू नव्याने उभारताना मूळ बांधणाऱ्यांचीच नावं ठेवली. त्याच दर्शनी भागावर खाली बारीक अक्षरांत 202 सालची दुसरी नोंद आहे, सेप्तिमिउस सेवेरुस आणि काराकाल्ला या सम्राटांच्या डागडुजीची. तीतही हाद्रिआन नाही.

या घोळाचा उलगडा 1892 मध्ये फ्रेंच वास्तुविशारद जॉर्ज शेदान याने केला. विटा भाजण्यापूर्वी वीटवाले त्यांवर शिक्के उमटवत, आणि काही शिक्क्यांत त्या वर्षीच्या कोन्सुलांची नावंही असत. भिंतींतल्या विटांवर त्याला सापडलेले शिक्के हाद्रिआनच्या काळातले होते.