तिटकारा नेमका कुठे वापरावा?

तुमच्या कथेत ‘तो तिचा तिटकारा करतो’ असं वाक्य आहे, ते आधी बदला. तिटकारा सहसा करत नाहीत. तो येतो, वाटतो किंवा असतो. ‘त्याला तिचा तिटकारा होता’ हे बरोबर. करायचाच असेल तर तिरस्कार करा, किंवा द्वेष. तिरस्कारात समोरच्याला तुच्छ लेखणं येतं, द्वेषात त्याचं वाईट व्हावं ही इच्छा. तिटकाऱ्यात असं काही नसतं. माणूस नुसता नकोसा होतो, त्याचा आवाज कानावर पडला तरी कपाळाला आठी पडते.

किळस आणि शिसारी शक्यतो घाणीसाठी, ओंगळपणासाठी राखून ठेवा. ‘लाचखोरीची किळस येते’ हेही चालतं म्हणा, पण तिथे जोर हवा असेल तरच. तेच ते ऐकून कंटाळा आला असेल तर वीट. (तो पुल्लिंगी बरं का! ‘वीट आली’ लिहिलंत तर वाचक बांधकाम शोधेल.)

आणि ‘खूप तिटकारा’ नको. मुळातच जहाल शब्द आहे, त्याला खूपची गरज नाही. फारच वाटलं तर ‘मनस्वी तिटकारा’ ही जोडी तयारच आहे.